दुकानदार चारशेच्या आत मागतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळचे एक तरुण कारागीर तीन वर्षे घरच्या भट्टीवर चाकू घडवत आहेत. जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे घेतात, तापवून ठोकतात, शिसवी मूठ बसवतात. ओळखीत एकेक चाकू बाराशे-पंधराशेला जातो. गावातल्या भांड्यांच्या दुकानदाराने एक हातात घेऊन पाहिला, त्याला आवडला, आणि तो म्हणाला, "चारशेच्या आत देत असाल तर डझनभर ठेवतो." एका चाकूला यांना तीन तास लागतात. त्यांनी विचारले आहे: हे परवडेल कसे, की दुकानांचा विचारच सोडून द्यावा?

विचार सोडू नका. मात्र आज बनवता तोच चाकू चारशेला देऊ नका. तो पंधराशेचा चाकू आहे आणि त्याची गिऱ्हाइके वेगळी आहेत. दुकानासाठी वेगळा चाकू आखावा लागतो, आणि त्याची आखणी ऐरणीपासून नव्हे, दुकानाच्या गल्ल्यापासून उलटी सुरू होते.

माझे वडील ऊसतोडीचे कोयते करत. हंगामाच्या आधी दोन महिने भट्टी विझत नसे. मी बावीस वर्षे कोल्हापुरात स्वयंपाकघरातले चाकू करतो आहे आणि आज एकोणीस दुकानांत माझा माल आहे. त्यामुळे पुढचे आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे थोडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

समजा सहा इंची पात्याचा भाजीचा चाकू दुकानात ६५० रुपयांना विकला गेला. त्यात जीएसटी आलाच. चाकूंवरचा दर जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. मी १८ धरून हिशेब मांडतो, तुम्ही मांडताना चालू दर विचारून घ्या. ६५० मधून सुमारे ९९ रुपये कर गेला, उरले ५५१. "माझी उलाढाल चाळीस लाखांच्या खाली आहे, मला जीएसटी लागत नाही," असे पुष्कळ कारागीर म्हणतात, आणि राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी ती मर्यादा खरी आहे. पण दुकानदार नोंदणीकृत असेल तर विकताना कर त्याला भरावाच लागतो, आणि तुमच्याकडून कराचे बिल नसल्यामुळे त्याला वळती काहीच मिळत नाही. म्हणजे तुम्ही भरा किंवा तो भरो, ते ९९ रुपये चाकूच्या किमतीतूनच जातात. पुढे दुकानदाराचे तीस टक्के, १६५ रुपये. ते जास्त वाटतात खरे. पण जागेचे भाडे, पोराचा पगार, चार महिने न खपलेला माल हे सगळे तो त्यातूनच भागवतो. तुमच्या हातात आले ३८६. तुमचा दुकानदार "चारशेच्या आत" म्हणाला तो आकडा बहुतेक याच हिशेबातून आला असणार. त्याने तुम्हाला पाडून मागितलेले नाही.

आता खर्च. माझ्याकडे पोलाद आणि त्याची कापणी ५५, हीट ट्रीटमेंट (पाणी पाजणे, म्हणजे पाते तापवून कडक करणे) २५, मुठीचे लाकूड, पिना आणि इपॉक्सी ४०, ग्राइंडरचे पट्टे ३५, वीज १०, खोके आणि कागदी म्यान २०, लॉटमध्ये वाया जाणाऱ्या नगांचा भार १५. बेरीज दोनशे. म्हणजे मजुरीला उरले १८६ रुपये. तीन तास लावलेत तर तासाला ६२ रुपये पडतात. एवढ्यावर घर चालत नाही. तोच चाकू चाळीस मिनिटांत उतरला तर तासाला २७९ पडतात आणि घर चालते. सगळा प्रश्न या तीन तास आणि चाळीस मिनिटांच्या मधल्या अंतराचा आहे.

हे अंतर घाई करून भरून निघत नाही. घाई केली की पाते पट्ट्यावर तापते, धारेपाशी निळे पडते आणि तिथले पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. असा चाकू दुकानात चमकतो आणि घरी आठ दिवसांत बोथट होतो. अंतर भरून निघते ते लॉटने. मी एका वेळी चाळीस पाती घेतो. चाळीसांना भोके, मग चाळीसांच्या कडा, मग चाळीसांची घासणी. हत्यार बदलणे, पट्टा बदलणे, जागा लावणे, ठशासाठी मापे घेणे यातच एकेकट्या चाकूचा निम्मा वेळ जातो. तो चाळीसांत वाटला जातो. शिवाय पंधराव्या पात्यापाशी हात बसतो, आणि पंधरा ते चाळीस ही पाती पहिल्या चौदांपेक्षा सरस उतरतात. हे मी इतक्या वर्षांत दरवेळी पाहिले आहे.

त्यासाठी आकार कमी हवेत. सुरुवातीला दोनच ठेवा: सहा इंची भाजीचा आणि साडेतीन इंची फळांचा. फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा जो साधा घडीचा चाकू केला, तोच आकार लहान-मोठ्या क्रमांकांत त्याचे घराणे आजवर विकत आले आहे, आणि तो आजही सामान्य माणसाच्या खिशाला परवडतो. दर महिन्याला नवा आकार काढायची हौस मलाही होती. ती पंधराशेच्या चाकूवर भागवा.

पाती ठोकून काढायची की पत्र्यातून कापून? ६५० च्या चाकूसाठी कापूनच. तुम्ही भट्टीवर वाढला आहात, म्हणून हे ऐकताना मन खट्टू होईल. माझे झाले होते. पण अडीच मिलिमीटरच्या चांगल्या पट्टीला ठोकून तिच्या गुणात भर पडत नाही. आकार देण्याचे काम ठोक्याने होते, ते इथे कापणीने होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेझरवर चाळीस पाती एका दुपारी कापून मिळतात, आणि तशी सोय कराड-सातारा भागातही आहे. फक्त मग खोक्यावर "भट्टीत घडवलेला" लिहू नका. "हाताने घासून धार दिलेला" लिहा, कारण ते खरे आहे. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही म्हणून काहीही छापणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या लोहाराच्या घडाईची किंमत पडते. आपण त्यांत भर घालू नये.

पोलादाबद्दल माझे मत ठाम आहे: दुकानात ठेवायच्या चाकूला भंगारातला पाटा वापरू नका. पाटा वाईट नसतो, कोयत्याला तो उत्तमच. पण ट्रकखाली लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात केसाएवढे तडे असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. एकदा मी भंगारातून आणलेल्या पाट्यांची तीस पाती केली. तेलात टाकल्यावर पाच जागीच तडकली. त्याहून वाईट म्हणजे दोन नंतर गिऱ्हाइकाच्या घरी मोडली. कोणाला लागले नाही, हे नशीब. शिवाय प्रत्येक पाटा वेगळ्या जातीचा असेल तर प्रत्येकाला वेगळी आच हवी, आणि लॉटमध्ये ते जमत नाही. नवी सी७५ किंवा सी८० पट्टी घ्या. तिच्यात पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, ती सहज मिळते, आणि विक्रेत्याकडे पोलाद कारखान्याचा दाखला मागता येतो. एका चाकूला सुमारे दोनशे ग्रॅम लागते. भंगार आणि नवी पट्टी यांत नगामागे फरक पडतो पंधरा-वीस रुपयांचा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. खर्च कापायचा तर कुठे कापायचा आणि कुठे नाही? आरशासारखी पॉलिश कापा. मुठीतली रंगीत लायनर, पितळी टोप्या, नक्षीची पिन, कोरलेले खोके, सगळे कापा. पाणी पाजण्यात एक रुपयाही कापू नका.

तुम्ही स्वतः पाणी पाजत असाल तर लोहचुंबकाची जुनी खूण कामाची आहे. पोलाद ७७० अंशांच्या आसपास तापले की चुंबक त्याला धरत नाही. तिथून थोडे वर, ८०० ते ८२० अंशांपर्यंत न्या, पाते एकसारखे लाल होऊ द्या, आणि ५०-६० अंशांवर कोमट केलेल्या तेलात टोक खाली धरून सरळ उतरवा. पाण्यात नको. अडीच मिलिमीटरचे पाते पाण्यात तडकते किंवा वेडेवाकडे होते. तेलातही थोडे वळतेच, पण बाहेर काढल्यावर पहिल्या मिनिटभरात हातमोजा घालून सरळ करता येते; नंतर बळ लावाल तर मोडेल. कानस फिरवून पाहा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली की पाणी लागले. मग लगेच, दुसऱ्या दिवशी नव्हे, २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा टेम्पर करा, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा काढा. रंग फिकट गव्हाळ येईल. घरच्या ओव्हनच्या काट्यावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा. काटा आणि आतली खरी उष्णता यांत तीस अंशांचा फरक मी पाहिला आहे.

दहा-बारा नगांपर्यंत हे घरी ठीक आहे. चाळीसचे लॉट सुरू झाले की औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या. त्याला नुसते "कडक करा" सांगू नका. पोलादाची जात लिहून द्या, ५७-५८ रॉकवेल (कडकपणाचे माप) मागा, पाती आडवी न रचता उभी टांगायला सांगा, आणि प्रत्येक लॉटमधल्या तीन नगांची चाचणी समोर करून घ्या. एका जागी मला ५८ सांगून ५१ चा माल मिळाला होता. पूर्ण लॉट मी परत घेतला, आणि तेव्हापासून चाचणी पाहिल्याशिवाय माल हलवत नाही.

हातच्या चाकूंत मला वारंवार दिसणारा दोष धारेचा नसतो, जाडीचा असतो. नवा कारागीर पाते मोडेल या भीतीने ते जाड ठेवतो. असा चाकू कागद सर्रकन कापतो, पण गाजरावर ठेवला की गाजर कापले न जाता तडकते. कच्चा बटाटा चिरताना मध्येच अडकतो. धारेच्या लगेच मागे जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी आणि धार एका बाजूने १५ ते १८ अंशांत. पाणी पाजण्याआधी धारेशी पाऊण-एक मिलिमीटर शिल्लक ठेवा, नाहीतर ती तेलात लाटेसारखी वळते. उरलेले नंतर घासा, पाते पाण्यात बुडवत. मोडण्याची भीती वाटत असेल तर पितळी सळईवर धार अलगद दाबून पाहा. धार वाकून परत सरळ आली तर पाणी आणि जाडी दोन्ही जमले. वाकून तशीच राहिली तर पाणी कमी, खपली उडाली तर जास्त.

आणि परीक्षा स्वयंपाक करणाऱ्याकडून घ्या. माझ्या पहिल्या लॉटची मूठ माझ्या पंजाच्या मापाची होती. आईने अर्धा किलो गवार निवडून चिरली आणि चाकू खाली ठेवून म्हणाली, "बोटं मिटतच नाहीत रे." तिचे सगळे आयुष्य विळीवर गेले होते, त्यामुळे हातात धरायच्या पात्याची तिला सवयच नव्हती, आणि म्हणूनच तिला काय बोचते ते लगेच कळले. मूठ बारीक केली, पाठीची कड गोल केली (तर्जनी टेकते तिथे ती कड कातडी सोलते), आणि विक्रीत फरक पडला. विळीवरून ओट्यावर आलेल्या घरांत चाकू घेणारी बहुतेक बाईच असते. तिच्या हाताचे माप घ्या.

मुठीला मी बाभूळ वापरतो. आपल्याकडे अवजारांच्या दांड्यांना ती पूर्वापार चालत आली आहे, चिवट आहे आणि स्वस्त आहे. शिसवी दिसते देखणी, पण तिचा भुसा काहींच्या श्वासाला आणि कातडीला सोसत नाही. मास्क लावूनच घासा. लाकूड नीट वाळलेले हवे. ओले लाकूड आज घट्ट बसते आणि मार्चमध्ये पात्यापासून फट सोडते, मग त्या फटीत कांद्याचा रस जाऊन वास येतो. अशा तक्रारी दुकानदाराकडे जातात, आणि तो दुसऱ्यांदा माल घेत नाही.

कार्बन पोलाद गंजते, हे दुकानदाराला आधी स्पष्ट सांगा. लोखंडी तवा आणि विळी वापरलेल्या घरांना ते नवे नाही: धुतला की पुसून ठेवायचा, एवढेच. खोक्यात तेवढी एकच ओळ मोठ्या अक्षरांत छापा. लिंबू-टोमॅटोने पाते काळपट निळे होते तो दोष नाही, हेही लिहा. कोकणातल्या दुकानांत मात्र जूनपासून फळीवरच्या मालावर ठिपके उठतात. पाठवताना पात्याला शेंगदाणा तेल लावू नका, ते महिन्याभरात चिकट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावा आणि मेणकागदात गुंडाळा. वर्तमानपत्र ओल धरते. मालवणी मुलखात मासे अजूनही आडाळ्यावरच (तिकडच्या विळीवर) कापले जातात, तिथे मी चाकूने मासे कापून दाखवायचा अट्टहास सोडला; तिथे फळांचा छोटा चाकू चालतो.

दुकान कोणते निवडावे? जिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो ते. मोठ्या झगमगत्या दुकानात विकणारा पोरगा दर तीन महिन्यांनी बदलतो आणि तुमच्या चाकूबद्दल दोन वाक्येही बोलू शकत नाही. लग्नाची भांडी विकणारे जुने दुकान, शेती अवजारांचे दुकान, आणि शहरात निवडक हातमाल ठेवणारे एखादे दुकान, यांत माझा अनुभव चांगला आहे.

पहिला माल जांगडवर देऊ नका. "ठेवून जा, खपले की पैसे" हे सोपे वाटते, पण ज्यात दुकानदाराचा पैसा अडकलेला नाही ते तो मागच्या फळीवर ठेवतो. मी एकदा चाळीस चाकू असे दिले. सात महिन्यांनी एकतीस परत आले, निम्म्यांवर गंज, सगळ्यांवर किमतीच्या चिकटपट्ट्यांचे डाग. आता मी सहाच नग देतो, रोखीने, आणि कागदावर लिहून देतो की दोन महिन्यांत न खपलेला नग बदलून मिळेल. सहा चाकूंचे तेवीसशे रुपये दुकानदाराला जड नसतात, आणि त्याला माल विकावासा वाटतो. सातवा चाकू नमुना म्हणून माझ्याकडून, दोरीने बांधलेला, हातात घेऊन पाहायला. बाकीचे बंद म्यानात ठेवा, कारण दुकानात लहान मुले येतात. पुढे उधारी सुरू झाली तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि हे बिलाच्या तळाशी छापले की वसुलीला शब्द कमी लागतात.

यंत्राचा चाकू दीडशे रुपयांत मिळतो, मग कोणी साडेसहाशे का द्यावे? माझे उत्तर धार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एका दुकानासमोर सहाण आणि पाण्याचे भांडे घेऊन बसतो. माझ्या चाकूला धार फुकट, दुसऱ्या कोणत्याही चाकूला तीस रुपये. सकाळी दहा ते एकमध्ये पंधरा-वीस बायका-माणसे येतात, कातरी आणतात, विळ्या आणतात, आणि त्यांच्या समोर माझा चाकू टोमॅटोवर चालतो. दुकानदाराच्या दारात गर्दी झाली म्हणून तो चहा पाजतो. त्या एका सकाळी सरासरी चार चाकू जातात. जाहिरातीवर मी आजवर पैसा घातलेला नाही. शिवाय परत आलेल्या चाकूंवरून मला माझे दोष कळतात: धार कुठे दुमडते, पिन कुठे ढिली होते.

कायद्याचे थोडे. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तुमचे दोन्ही आकार त्या मापांच्या आतच आहेत. दुहेरी धारेचे, खंजिराच्या आकाराचे, खटक्याने उघडणारे काही करू नका, कोणी आगाऊ पैसे दिले तरी. वेष्टनावर तुमचे नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि सर्व करांसह किंमत हवी. भांडवलासाठी सप्टेंबर २०२३ पासूनची पीएम विश्वकर्मा योजना पाहा. तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे; अवजारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज मिळते. ग्राइंडरला तेवढे पुरते.

आता तुम्ही करायचे ते असे. बारा पाती कापून आणा, चाळीस नव्हे. प्रत्येक कामाला किती मिनिटे लागली ते वहीत लिहा. बारांपैकी सहा नातलगांत नव्हे, तर ओळख नसलेल्या सहा घरांत द्या, आणि दोन महिन्यांनी परत जाऊन चाकू मागून घ्या, तोंडी अभिप्राय नको. धार, मूठ, पिना, गंज तुमच्या डोळ्यांनी पाहा. उरलेले सहा घेऊन खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात त्या दुकानदाराकडे जा. तेव्हा बाजारात दसऱ्या-दिवाळीची खरेदी सुरू झालेली असते, आणि अवजारांची पूजा जवळ आलेली असते. सोबत एक टोमॅटो न्या आणि चाकू दुकानदाराच्याच हातात द्या.